डायरेक्ट सेकंड इयर : मुळशीच्या मुलांची पदविकेची वाट

दहावीचा निकाल लागला की पौड, पिरंगुट, घोटावडे, कोळवण या भागातल्या घरांत तोच प्रश्न निघतो : पोराला अकरावी सायन्सला घालायचं की डिप्लोमाला? विचारणाऱ्या आईवडिलांपैकी बऱ्याच जणांनी शेवटचं ठिकाण मनाशी धरलेलं असतं. पुण्यात शिवाजीनगरला, मुळा-मुठेच्या संगमाजवळ जे जुनं इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि २०२२ पासून ज्याचं सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी हे राज्य विद्यापीठ झालं आहे, तिथे आपलं लेकरू जावं ही ती इच्छा. तिथे पोचायच्या वाटा दोन. एक बारावी आणि सीईटीची. दुसरी तीन वर्षांच्या पदविकेची, जी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात उघडते. मुलं तिला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘डीएसई’.

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या मुलांना हे अर्ज भरायला मदत करतो आहे. त्यांच्याबरोबर दाखले गोळा केले, पसंतीक्रम लावले, आणि प्रवेशानंतर दोन महिन्यांनी येणारे त्यांचे फोनही घेतले. त्या फोनांमुळेच हा आढावा लिहावासा वाटला. पदविकेची वाट खरी आहे आणि मुळशीसारख्या तालुक्याला ती चांगली मानवते, याबद्दल मला शंका नाही. पण आपण सगळे, पालक, शिक्षक आणि शासनसुद्धा, या वाटेचा विचार प्रवेशाच्या यादीपर्यंतच करतो. मुलं अडखळतात ती त्यानंतर, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात. तिथे त्यांच्यासाठी आपण फारसं काहीच ठेवलेलं नाही.

वाट नेमकी कशी आहे

दहावीनंतर तंत्रनिकेतनात प्रवेश घ्यायचा. स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक, अणुविद्युत अशा शाखांत सहा सत्रं पूर्ण करायची. बहुतेक तंत्रनिकेतनांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या असतात. १९५७ साली सुरू झालेल्या पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या काही संस्था स्वायत्त आहेत. पदविका हाती आली की राज्याच्या सीईटी कक्षामार्फत चालणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅप राउंडमध्ये, पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करायचा. पात्रतेसाठी खुल्या वर्गाला पदविकेत किमान ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. सीओईपीचा कटऑफ अर्थातच याच्या खूप वर असतो.

शिडीची खालची पायरीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेला मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो आणि तिथून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. पिरंगुटच्या एखाद्या कारखान्यात फिटर म्हणून लागू शकणारा मुलगा याच शिडीने अभियंता होऊ शकतो. असं घडल्याची उदाहरणं मोजकी असली तरी नियमाने ती वाट खुली आहे.

वर्षांचा हिशोब पालक हटकून विचारतात. दहावीनंतर दोन आणि चार अशी सहा वर्षं बारावीच्या वाटेला लागतात. तीन आणि तीन अशी सहाच वर्षं पदविकेच्या वाटेलाही लागतात. त्यामुळे वेळ वाचत नाही आणि वायाही जात नाही. फरक एवढाच की पदविकेच्या वाटेने निघालेल्या मुलाच्या हातात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एक स्वतंत्र प्रमाणपत्र असतं. पुढे काही कारणाने पदवी सुटली तरी तो ‘बारावी पास’ राहत नाही. सार्वजनिक बांधकाम किंवा जलसंपदा खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला स्थापत्य पदविका चालते. ज्या घरात मोठ्या भावाच्या पगारावर धाकट्याचं शिक्षण चालतं, तिथे हा फरक फार मोठा असतो.

मुळशीचं अभियांत्रिकीशी नातं

या तालुक्याची अभियांत्रिकीशी ओळख जुनी आणि जखमेची आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बुडणाऱ्या गावांच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेते सेनापती बापट. तरुणपणी ते शिष्यवृत्ती मिळवून एडिंबराला अभियांत्रिकी शिकायला गेले होते, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. सत्याग्रह हरला, धरण झालं. मुळेचं पाणी बोगद्यांतून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळलं. पुढे पिरंगुट परिसरात कारखाने आले आणि हिंजवडी-माणमध्ये राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं. हिंजवडी आणि माण ही दोन्ही गावं मुळशी तालुक्यातलीच.

म्हणजे शंभर वर्षांत मुळशीने तीनदा अभियांत्रिकीला जमीन दिली. त्या जमिनीवर काम करणारे अभियंते मात्र बहुतांशी बाहेरून आले. आमच्या खोऱ्यांतली मुलं त्याच इमारतींत सुरक्षारक्षक, चालक, उपाहारगृहातले कामगार म्हणून गेली. कष्टाच्या कुठल्याही कामाला मी कमी लेखत नाही. पण ज्या गावाची जमीन गेली, त्या गावच्या मुलीने त्याच इमारतीचा आराखडा करावा ही अपेक्षा रास्त आहे. पदविकेच्या वाटेकडे मी त्या नजरेने बघतो.

सीओईपीचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. १८५४ मध्ये ही संस्था सुरू झाली ती ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने, बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली इथून बाहेर पडले ते एल.सी.ई. होऊन, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीचे लायसन्शिएट होऊन. वीस वर्षांनी त्यांच्याच रचनेचे स्वयंचलित दरवाजे खडकवासला धरणावर बसले. हाताने काम करणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला शास्त्र शिकवणं हाच या संस्थेचा पहिला हेतू होता. म्हणून वर्गात कुणी ‘डिप्लोमावाला’ असं नाक मुरडून म्हणतं तेव्हा मी मुलांना सांगतो, ही इमारत मुळात तुमच्यासाठीच उभी राहिली होती.

जागा किती, टक्के कुठले

दुसऱ्या वर्षाच्या थेट प्रवेशासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर १० टक्के जागा असतात. शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या असतील त्याही मिळतात. मागणी कमी असलेल्या खासगी महाविद्यालयांत रिकाम्या जागा बऱ्याच असतात, त्यामुळे तिथे पदविकेच्या मुलांना प्रवेश सहज मिळतो. सीओईपीत पहिलं वर्ष जवळपास भरलेलं असतं, म्हणून तिथे भिस्त त्या १० टक्क्यांवर. साठ जागांच्या शाखेत सहा. त्या सहांत सगळ्या प्रवर्गांचं आरक्षण बसवायचं म्हटलं की एकेका प्रवर्गाच्या वाट्याला एखादीच जागा येते, कधी एकही येत नाही. संगणक शाखेचा कटऑफ नव्वदीच्या बराच पुढे असतो, त्याचं कारण हे गणित. स्थापत्य, धातुशास्त्र, उत्पादन अशा शाखांकडे मुलांनी त्यामानाने मोकळ्या मनाने पाहावं असं मी सुचवतो. ज्याला सीओईपीचं वातावरण, प्रयोगशाळा आणि सोबत हवी आहे, त्याला शाखेबाबत थोडं लवचीक राहणं परवडतं.

टक्के कुठले धरतात, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. मंडळाच्या पदविकेचा वर्ग आणि टक्केवारी गेली कित्येक वर्षं शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या गुणांवर ठरत आली आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला हा नियम मोठा आधार ठरतो. त्याचं पहिलं वर्ष इंग्रजी पुस्तकांशी झगडण्यात जातं. एखादी केटीही लागते. दुसऱ्या वर्षी तो सावरतो आणि तिसऱ्या वर्षी धावायला लागतो. बारावीच्या वाटेवर त्याला असा सावरायला वेळ मिळत नाही, कारण दोन वर्षांनी एका दिवसाच्या सीईटीत २०० गुणांत सगळं ठरतं. स्वायत्त तंत्रनिकेतनांचे नियम निराळे असतात आणि मंडळाच्याही योजना बदलतात. २०१७-१८ मध्ये ‘आय’ योजना आली, २०२३-२४ मध्ये ‘के’. म्हणून प्रवेश घेतानाच ‘आमचे टक्के कसे धरणार?’ हा प्रश्न विभागप्रमुखांना विचारून घ्यावा, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नये.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. तंत्रनिकेतनागणिक गुण देण्याचा हात सैल किंवा कडक असतो. तोंडी परीक्षा, जर्नल, सबमिशन, प्रोजेक्ट यांचे गुण बरेचसे संस्थेच्याच हातात असतात. कोविडच्या काळात परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी झाल्या तेव्हा टक्के सगळीकडेच फुगले आणि खरोखर चांगली तयारी असलेली मुलं गर्दीत हरवली. इतर राज्यांनी यावर वेगळा उपाय केला आहे. कर्नाटकात पदविकाधारकांसाठी ‘डीसीईटी’ परीक्षा होते, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात ‘ईसीईटी’, पश्चिम बंगालमध्ये ‘जेलेट’. महाराष्ट्र पदविकेच्या टक्क्यांवरच चालतो.

इथेही परीक्षा आणावी का? माझं उत्तर सध्या तरी ‘नाही’ असं आहे. परीक्षा आली की तिच्यामागे क्लास येतात, आणि क्लास कोथरूडला असतात, कोळवणला नाही. बारावीच्या वाटेवर मुळशीचं मूल जिथे मागे पडतं, तोच खड्डा या वाटेवरही खणला जाईल. त्यापेक्षा संस्थेच्या हातातल्या गुणांचं बाहेरच्या परीक्षकांकडून नीट तपासणं कडक व्हावं. तेवढ्याने बराचसा अन्याय कमी होईल.

बाहेर काय चालतं

शाळेच्या वयात महाविद्यालयाचा अभ्यास करून पुढे निवडक विद्यापीठात जायचं, हा विचार जगभर आहे. अमेरिकेत २००२ पासून ‘अर्ली कॉलेज’ शाळांची मोठी चळवळ उभी राहिली. गरीब आणि घरातल्या पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना शाळेतच महाविद्यालयाचे श्रेयांक मिळवून देणं हा तिचा हेतू. तिथे अशी मुलं भरपूर श्रेयांक घेऊन राज्य विद्यापीठाकडे अर्ज करतात, तरी अनेक ठिकाणी त्यांना पहिल्या वर्षाचेच अर्जदार मानलं जातं. आधी प्रवेश, मग कुठले श्रेयांक धरायचे याचा निर्णय. त्यामुळे वर्ष वाचेल की नाही याची खात्री नसते, पण पहिल्या वर्षाची सगळी ओळख आणि आधार त्यांना मिळतो. आपल्याकडे बरोबर उलट आहे. वर्ष मिळण्याची खात्री आहे, ओळख आणि आधार नाही.

आमच्याच तालुक्यात पौडजवळ खुबवलीला १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजचं महिंद्रा कॉलेज आहे. तिथे दहावीनंतर दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा होतो. त्यातल्या वरच्या पातळीच्या विषयांना अमेरिकेतली अनेक विद्यापीठं श्रेयांक देतात. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना दोन ‘डिप्लोमा’ आहेत. एकाकडे विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या दारापर्यंत हाताला धरून नेणारे मार्गदर्शक आहेत, दुसऱ्याकडे सायबर कॅफेतला संगणक. हुशारीत फरक नसतो. फरक कुणी सोबत येतं की नाही याचा असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची बँक, मध्येच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय या कल्पना आणल्या. पदविकाधारकांसाठी त्यात नवं फार काही नाही. ही सोय त्यांना आधीपासूनच आहे. या धोरणाचा खरा उपयोग व्हायचा असेल तर तो पदविका आणि पदवी यांचे अभ्यासक्रम एकमेकांना जोडण्यात आहे.

दाखल्यांची पिशवी

जुलै-ऑगस्टमध्ये पौडच्या तहसील कार्यालयात गेलात तर पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घालून उभी असलेली मुलं दिसतात. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. प्रत्येकाची मुदत निराळी. नॉन क्रिमिलेअर ३१ मार्चला संपतो आणि नवा काढायचं राहून गेलं की ऐन कॅप राउंडमध्ये प्रवर्गाचा दावा धोक्यात येतो. जात वैधता प्रमाणपत्राला, म्हणजे व्हॅलिडिटीला, सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

सर्वांत कठीण वाट कातकरी आणि महादेव कोळी मुलांची. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. ज्या घराच्या नावावर सातबारा नाही, ज्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यांच्या जातीचा जुना पुरावा आणायचा कुठून? अशा मुलांच्या बाबतीत मी एकच सांगतो : पदविकेच्या पहिल्या वर्षातच व्हॅलिडिटीचा अर्ज करा. तीन वर्षं हातात असतात. तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात धावपळ सुरू केली तर काही खरं नाही.

पसंतीक्रमाचा अर्जही असाच डोळसपणे भरायचा असतो. एका मुलाने घराजवळचं म्हणून एक महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि सीओईपी तिसऱ्या. ‘एवढं कुठे मिळणार’ म्हणून. पहिल्याच फेरीत त्याला पहिली पसंती मिळाली आणि पहिली पसंती मिळाली की जागा तिथेच गोठते. यादी लागल्यावर कळलं की त्याच्या टक्क्यांना सीओईपीची एक शाखा मिळू शकली असती. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला सांगतो : मिळण्याची शक्यता किती, हे बघून क्रम लावू नका. जे सगळ्यांत हवं आहे ते सगळ्यांत वर. खालच्या पसंत्या त्याने धोक्यात येत नाहीत.

पैशाचा हिशोब

बारावीच्या वाटेवरचा मोठा खर्च क्लासचा. पुण्यात दोन वर्षांची फी लाखांच्या घरात जाते आणि पौडहून पीएमपीने रोज चांदणी चौक ओलांडून जाण्यायेण्यात तीन-चार तास मोडतात. पदविकेच्या वाटेवर क्लासवाचून निभावतं.

पदवीच्या फीसाठी राज्य शासनाच्या योजना आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आहे. इतर मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्म्याची सवलत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. अट एकच : प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे सगळं जातं. हा नियम माहीत नसल्यामुळे ‘सीट तर मिळाली’ म्हणून गडबडीत संस्था स्तरावर पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत. मुलींच्या बाबतीत तर आता पालकांकडे नाही म्हणायला फी हे कारण उरलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र

आता त्या फोनांबद्दल.

कोळवण खोऱ्यातली एक मुलगी. वडील भातशेती करतात, घरात तिच्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. स्थापत्य पदविकेत तिने उत्तम टक्के मिळवले आणि एका नावाजलेल्या शासकीय महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला लागली. गावात पेढे वाटले. सहा आठवड्यांनी रात्री तिचा फोन आला : ‘सर, सगळ्यांना येतंय, मला एकटीलाच येत नाही. मी परत येऊ का?’

तिला येत नव्हतं ते ‘एम थ्री’. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातलं गणित. त्या रविवारी ती वही घेऊन आली. ओट्यावर बसून आम्ही पानं चाळली. फळ्यावरून उतरवलेलं लाप्लास रूपांतर होतं, शून्यापासून अनंतापर्यंतचं संकलन. तिला संकलनाचं सूत्र आठवत होतं, पण ते शेवटचं वापरलं होतं दोन वर्षांपूर्वी. पुढच्या पानावर आंशिक अवकलन होतं आणि तो शब्दच तिने आधी ऐकलेला नव्हता.

यात तिचा काही दोष नाही. मंडळाच्या पदविकेत गणित पहिल्या दोन सत्रांत असतं : पहिल्यात मूलभूत, दुसऱ्यात उपयोजित. त्यानंतर बहुतेक शाखांत ते संपतं. म्हणजे दोन वर्षं मूल गणिताला शिवत नाही. दुसरीकडे, बारावीहून आलेली तिच्या वर्गातली मुलं पदवीच्या पहिल्या वर्षात सारणी, आयगेन मूल्यं, आंशिक अवकलन, बहुचल संकलन हे सगळं दोन सत्रं शिकून आलेली असतात. दुसऱ्या वर्षाचा शिक्षक हे गृहीत धरूनच खडू हातात घेतो. आपण मुलीला एक वर्ष पुढे बसवलं, पण त्या वर्षात शिकवलं गेलेलं गणित तिला कुणीच दिलं नाही.

त्यात उशिराची भर. पदविकेचे निकाल, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, हरकती, फेऱ्या, हे सगळं होईपर्यंत दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झालेले असतात. थेट प्रवेशाचं मूल वर्गात पाऊल टाकतं तेव्हा मित्रांचे गट जमलेले असतात आणि पहिली चाचणी तोंडावर आलेली असते. कंपन्यांच्या निवडीत पुढे सत्रागणिक गुण मोजले जातात आणि या मुलांना आधीच्या वर्षाची पुंजी नसते. पहिलं सत्र कोसळलं तर ते भरून काढायला पाचच सत्रं उरतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच मुलीने काँक्रीटच्या प्रयोगशाळेत जे केलं ते मला नंतर तिच्या वर्गमित्राने सांगितलं. १५० मिलिमीटरचे ठोकळे साच्यात ओतताना सगळा गट गोंधळला होता. तिने साच्याला आतून तेल लावलं, तीन थरांत काँक्रीट भरलं, प्रत्येक थर सळईने ठोकून घेतला, वरचा भाग थापीने सपाट केला आणि तारीख लिहून ठेवली. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पदविकेच्या प्रशिक्षणात सहा आठवडे एका बांधकामावर तिने हेच केलं होतं. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत गट तिच्याभोवती जमू लागला आणि बदल्यात एकीने तिला गणित समजावून द्यायचं कबूल केलं. डिसेंबरात ती एम थ्री सुटली. पहिल्या वर्गात नाही, पण सुटली.

सगळेच सुटत नाहीत. आमच्याच भागातला एक मुलगा पहिल्या सत्रात चार विषयांत राहिला आणि परत आला. आज पिरंगुटला एका कारखान्यात त्याच पदविकेवर पर्यवेक्षक आहे आणि समाधानी आहे. पदविका हाती असल्यामुळे तो बुडाला नाही. तरीही, जून आणि जुलैचे आठ आठवडे कुणी त्याच्याबरोबर गणिताला बसलं असतं तर तो परत आला नसता, असं मला आजही वाटतं.

फक्त सीओईपीच का?

सीओईपी हे नाव मोठं आहे, पण वाट तिथेच संपत नाही. मुंबईच्या माटुंग्याचं वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थान, म्हणजे १८८७ पासूनचं व्हीजेटीआय, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी, ही सगळी या वाटेवरची उत्तम ठिकाणं आहेत. मुळशीकरांना एक पर्याय पश्चिमेलाही आहे. ताम्हिणी घाट उतरलं की विळे, माणगाव आणि पुढे लोणेरे. १९८९ च्या कायद्याने उभं राहिलेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे आहे. आपल्याकडे सगळ्यांच्या नजरा पुण्याकडे असतात, म्हणून हे नाव पसंतीक्रमात वर येत नाही. एक गोष्ट मुलांना आधीच स्पष्ट सांगावी : आयआयटीत पदविकेवरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. ज्याला तिथेच जायचं आहे त्याने अकरावीची वाट धरावी. ज्याचं दहावीचं गणित पक्कं आहे, घरी इंग्रजीची सवय आहे आणि क्लासचा खर्च झेपतो, त्यालाही बारावीची वाट सोयीची.

करण्यासारखं काय आहे

सगळ्यांत आधी गणिताचा पूल. सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यापासून प्रवेश मिळेपर्यंत दोन-तीन महिने जातात. या काळात प्रत्येक तंत्रनिकेतनात, किंवा तालुक्याच्या एखाद्या माध्यमिक शाळेत, आठ आठवड्यांचा गणिताचा वर्ग चालवता येईल. सारणी, आंशिक अवकलन, बहुचल संकलन आणि संकलनाची उजळणी, एवढंच. त्याला निवृत्त शिक्षक पुरेसे आहेत. पदवीला शिकणारी आपलीच जुनी मुलं तर हे आनंदाने करतील.

दुसरं काम वेळापत्रकाचं. थेट प्रवेशाच्या फेऱ्या अशा लावाव्यात की मुलं दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वर्गात असतील. ते जमत नसेल तर महाविद्यालयांनी त्यांच्या पहिल्या चाचणीला सवलत द्यावी आणि पहिला महिना त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवावा.

तिसरं, पदविकेच्या चौथ्या किंवा पाचव्या सत्रात गणिताचा एक ऐच्छिक विषय. ज्याला पदवीला जायचं आहे त्याने तो घ्यावा. मंडळाला हे अवघड नाही.

आणि चौथं आपलं सगळ्यांचं. दहावीच्या वर्गात, निकालाच्या आधी, दोन्ही वाटांची खरी माहिती मुलांपुढे ठेवावी. पंधराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय पुढच्या सहा वर्षांना दिशा देतो आणि तो बहुतेक घरांत शेजाऱ्याच्या सांगण्यावर होतो. कोणते टक्के धरतात, व्हॅलिडिटी कधी काढायची, कॅप का सोडायचा नाही, गणित कुठे तुटतं, एवढ्या चार गोष्टी जरी शाळेत सांगितल्या तरी कितीतरी मुलं वाचतील.

माण-हिंजवडीहून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत २३ किलोमीटरची मेट्रोची मार्गिका आखलेली आहे. तिचं एक टोक मुळशी तालुक्यात आणि दुसरं सीओईपीच्या अगदी शेजारी. अंतराचा प्रश्न ती गाडी सोडवेल. बाकीचा प्रश्न आठ आठवड्यांचा आहे. ती कोळवणची मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. येत्या जूनमध्ये आमच्या पहिल्या गणिताच्या वर्गाला शिकवायला येते म्हणाली आहे. जागा शाळेने दिली आहे, खडूचे डबे मी आणून ठेवले आहेत.